वन डे ट्रेकला जाताय? पैसे भरण्याआधी ग्रुपचा शेवटचा माणूस कोण, ते विचारा

जुलै २०२३ मधला लोहगडाचा व्हिडिओ आठवतोय का? पायऱ्यांवर माणसं चेंगरून उभी, वर सरकता येत नाही की खाली उतरता येत नाही. रविवार होता, पाऊस होता आणि गडाच्या अरुंद वाटेवर हजारो लोक एकाच वेळी पोहोचले होते. कित्येक जण तासन् तास अडकून पडले.

तरी पावसाळा आला की पुण्यात तेच चित्र. शनिवारी-रविवारी पहाटे नळ स्टॉप, शिवाजीनगर, स्वारगेटला मिनीबस लागतात. बस, नाश्ता, जेवण धरून हजाराच्या आसपास पैसे, इन्स्टाग्रामवर बुकिंग आणि संध्याकाळी परत. एकटं जाण्यापेक्षा ग्रुप बरा, असा साधा हिशोब. पण ग्रुप म्हणजे नेमकं काय?

पुण्यात ही गोष्ट नवी नाही. गो. नी. दांडेकरांच्या पिढीने गड पायाखाली घातले आणि त्यांचं वाचून पुढच्या पिढ्या बाहेर पडल्या. १९८२ मध्ये पुण्यात ‘गिरिप्रेमी’ ही संस्था सुरू झाली. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये याच संस्थेची टीम एव्हरेस्टवर पोहोचली. अशा संस्थांमध्ये नवा माणूस आधी सिंहगडावर जातो, मग राजगड, तोरणा. कोण किती चालतो, कोणाचा गुडघा दुखतो, हे बाकीच्यांना माहीत असतं. आजचा लीडर हा कालचा नवखाच असतो.

पुणेकरांचा लाडका कात्रज ते सिंहगड ट्रेक घ्या. जुन्या कात्रज बोगद्यापासून सुरुवात, रात्रभर एकामागून एक टेकड्या, सगळं मिळून साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. वाट अवघड कातळातली नाही, पण उतारावर घसारा आहे आणि अंधारात चुकीच्या सोंडेवर उतरायला वेळ लागत नाही. इथे सगळ्यात महत्त्वाचा माणूस पुढे चालणारा नसतो, शेवटी चालणारा असतो. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे राहायचं, कोणालाही त्याच्या मागे राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. कंटाळवाणं आहे, रीलमध्ये दिसत नाही, पण माणूस हरवत नाही तो यामुळेच.

इंग्लंडमध्येही हीच पद्धत आहे. तिथे ‘रॅम्बलर्स’ नावाची संस्था १९३५ पासून आहे. तिच्या स्थानिक गटांचे स्वयंसेवक रविवारच्या पायी सहली नेतात. पुढे एक लीडर, मागे एक. नव्या माणसाला सदस्य होण्याआधी तीन वेळा फुकट चालून बघता येतं. फरक आहे तो वाटेचा. तिथे शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर लोकांचा कायदेशीर हक्क नोंदलेला असतो. मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क मात्र भांडून मिळाला. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो लोक बंदी झुगारून किंडर स्काउट या डोंगरावर चढले. त्यातले पाच जण तुरुंगात गेले. माळरानांसाठीचा व्यापक कायदा यायला २००० साल उजाडलं.

आपल्याकडे ट्रेकरसाठी असा कायदा नाही. गडाची वाट कोणाच्या तरी बांधावरून जाते, पुढे वनखात्याची हद्द लागते. गावकऱ्यांनी जाऊ दिलं तर वाट आहे. भाताच्या खाचरातून चाळीस जण तुडवत गेले, मागे प्लास्टिक टाकून आले, की पुढच्या वेळी ती बंद होऊ शकते. पायथ्याच्या गावात ओळख असलेला लीडर म्हणूनच जास्त मोलाचा.

मग नियम काहीच नाहीत का? आहेत. राज्य सरकारने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेचे नियम काढले. ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश असतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर धबधबे आणि धरणांच्या परिसरात असे आदेश निघाले. आता जुलै २०२५ मध्ये लोहगड, राजगड, शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेलेत. म्हणजे गर्दी कमी होण्याचं कारण दिसत नाही.

त्यामुळे क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी फोन करा आणि थेट विचारा. नोंदणी आहे का? एका बॅचमध्ये किती माणसं आणि त्यांच्यामागे किती लीडर? ते याच वाटेवर आधी पावसात गेलेत का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकडे आहे? शेवटी कोण चालणार? रेड अलर्ट आला तर ट्रेक रद्द होतो की ‘ठिकाण बदलतं’, आणि पैसे परत मिळतात का? या शेवटच्या प्रश्नावर जो आयोजक चिडतो, त्याच्याबरोबर न गेलेलंच बरं. पैसे परत द्यायचे नसले की भर पावसातही बस निघते.

घरी मात्र गडाचं नाव, पायथ्याचं गाव आणि लीडरचा नंबर लिहून ठेवा. डोंगरात रेंज गेली की ‘लोकेशन पाठवतो’ म्हणणं काही कामाचं नाही. कोणी अडकलंच तर ११२ वर फोन करा. महाराष्ट्रात गिर्यारोहकांची स्वतःची बचाव पथकंही आहेत. त्यांना सगळ्यात आधी हवी असते ती एकच माहिती: माणूस कोणत्या वाटेने चढला होता.