रस्त्याच्या पोटात गेलेला रूळ

रेल्वेच्या रुळाला कुणाची भीड नसते. जमीन रेल्वेची, खडी रेल्वेची. तो खुशाल डोकं वर काढून असतो. ट्रामच्या रुळाला मात्र परक्या घरात बिऱ्हाड करायचं होतं. रस्ता आधीपासून बग्ग्यांचा, ओझ्याच्या गाड्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचा. रूळ कसा असावा हे ट्रामवाल्यांपेक्षा या मंडळींनीच ठरवलं.

न्यूयॉर्कमध्ये 1832 साली घोड्यांची ट्राम धावू लागली. पुढे अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी पायरीचा रूळ पत्करला: एका अंगाला रुंद सपाट पट्टी, दुसऱ्या अंगाला तिच्याहून उंच कंगोरा. ट्रामचं चाक कंगोऱ्यावरून चाले, आणि चाकाची खाली उतरलेली कड पट्टीच्या बाजूला राही. खडबडीत दगडांना कंटाळलेल्या गाडीवानांना ही पट्टी म्हणजे आयती वाट. ते तिच्यावर चढत आणि मागून ट्राम आली तरी लवकर बाजूला होत नसत. पण तोच रूळ तिरका ओलांडायचा म्हटला की कंगोरा चाकाला आडवा येई.

आल्फाँस लूबा या फ्रेंच माणसाने याला उत्तर शोधलं. रुळाच्या माथ्यातच खाच ठेवायची. चाकाची कड त्या खाचेतून जाईल आणि रूळ रस्त्याच्या सपाटीला येईल. 1852 मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये असे रूळ टाकले. ट्रामच्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची कल्पना, असं मला वाटतं.

तिची किंमत लंडनला उशिरा कळली. 1861 मध्ये जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकन उद्योजकाने तिथे पायरीचेच रूळ टाकले. रस्त्याच्या वर आलेल्या त्या लोखंडावर बग्गीवाल्यांनी इतका गहजब केला की 1862 पर्यंत रूळ उखडावे लागले. 1870 च्या ट्राम कायद्याने मग स्पष्टच सांगितलं: रुळाचा माथा रस्त्याच्या सपाटीत हवा. शिवाय रुळांमधला आणि बाहेरच्या बाजूचा 18 इंचांपर्यंतचा रस्ता कंपनीनेच राखायचा.

खाचेलाही खोडी होत्याच. अरुंद ठेवली तर वळणावर चाकाची कड घासते. रुंद ठेवली तर बग्गीचं चाक अडकतं. त्यात चिखल, लीद आणि हिवाळ्यात बर्फ भरे, घोड्यांना ओझं जड होई. मग खाच खरवडायला माणसं नेमावी लागत.

खरी पंचाईत रुळाखाली होती. सुरुवातीचे रूळ लाकडी तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेले असत. पाणी मुरलं की तुळई कुजे, खिळे ढिले होत आणि भोवतालचे दगड हलू लागत. लाकडी स्लीपरवर बुटका रूळ ठेवावा, तर त्याच्या उंचीत फरसबंदीचा जाड दगड मावत नाही. म्हणून 1880 च्या सुमारास उंच रूळ आले. तळाशी रुंद पाया, मध्ये उभी भिंत, माथ्यावर खाच, आणि हे सगळं एकाच लोखंडात लाटलेलं. जर्मनीत रुऱ्होर्टच्या फिनिक्स कारखान्याने आणि अमेरिकेत जॉन्सटाउनच्या जॉन्सन कंपनीने हे काम पुढे नेलं. सात ते नऊ इंच उंचीमुळे स्लीपरच्या वर दगड आणि त्याखालची वाळू नीट बसू लागली. 1888 नंतर विजेच्या जड ट्राम आल्या, तेव्हा हाच रूळ टिकला.

अमेरिकेतल्या अभियंत्यांचा मात्र रेल्वेच्या साध्या रुळावर जीव होता. तो स्वस्त, घाण न साठवणारा. कडेला खास घडवलेले दगड लावले की भागतं, असं ते म्हणत. नगरपालिका खाचेचाच हट्ट धरत. माझा कौल नगरपालिकांना. ट्रामला स्वतंत्र वाट असेल तिथे साधा रूळ घालावा. रस्ता सगळ्यांचा असेल तिथे खाचेचाच.

युरोपातल्या ट्रामसाठी आजही खाचेचा रूळ लाटला जातो. त्यातल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकाराचं वजन मीटरला सुमारे 60 किलो भरतं.