हेलियम (इलेक्ट्रॉन संरूपण व अभिक्रियाशीलता)

अणुक्रमांक २ असलेला राजवायू. याच्या अणूत इलेक्ट्रॉन दोनच आणि पहिल्या कवचात जागाही दोघांपुरतीच. म्हणून हा अणू सहसा इलेक्ट्रॉन देत नाही, घेत नाही, वाटूनही घेत नाही. पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास २४.५९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. सर्व मूलद्रव्यांत ही सर्वाधिक होय. सोडियमला ५.१४ पुरते. त्यामुळे शिरोड्याच्या मिठागरात सोडियम मिळते ते आयनरूपातच. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन गेला की त्याचे संरूपण निऑनसारखे होते आणि पाण्यात पेट घेणाऱ्या धातूचा आयन त्याच पाण्यात निवांत राहतो. हेलियमचे नेमके उलट : एक इलेक्ट्रॉन गमावलेला त्याचा आयन समोर येईल त्या अणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. अभिक्रियाशीलता ठरते ती कवच भरले आहे की नाही यावरून.

विजयदुर्गाशी संबंध : देवगड तालुक्यातील या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी येथून हेलियम शोधले, अशी स्थानिक परंपरा असून त्या तारखेला येथे हेलियम दिन साजरा होतो. मात्र त्या ग्रहणावेळी फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन गुंटूरला व लॉकयर इंग्लंडमध्ये होते. लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाविनाच सौर तेजःशृंगांचा वर्णपट पाहिला, सोडियमच्या जोडरेषांशेजारची हेलियमची पिवळी रेषा (५८७.६ नॅनोमीटर) त्यात होती. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिक त्यांच्या मदतीस होते आणि लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेण्यात आली. कट्टे या मोहिमेचे मानणे अधिक सयुक्तिक. तोवर रॅम्झी यांनी युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळवलेही होते (१८९५).

ती पिवळी रेषा स्वस्थ अणूची नव्हे. ऊर्जा मिळून वर गेलेला इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातून दुसऱ्यात उतरताना ती उमटते. असा उत्तेजित अणू इतर अणूंचे आयनीभवनही घडवू शकतो.

संयुगे : प्रोटॉनशी जोडला गेलेला हेलियमचा आयन १९२५ मध्ये प्रयोगशाळेत मिळाला, तर २०१९ मध्ये एनजीसी ७०२७ या अभ्रिकेत आढळला. प्रचंड दाबाखाली सोडियमबरोबर त्याचे स्फटिकी संयुग बनते (२०१७).

आवर्तसारणीतील स्थान : गण १८. संरूपण पाहून काहीजण ते बेरिलियमच्या वर सुचवतात.

उपयोग : एमआरआय यंत्रातील अतिसंवाहक चुंबक थंड ठेवण्यासाठी, द्रवरूपात.