पस्तीस दिवसांची मुदत

घरातील वस्तूवर सत्ता कोणाची, हा प्रश्न पूर्वीच्या गृहस्थाला सहसा पडत नसे. शिवणयंत्र, घड्याळ किंवा रेडिओ दाम मोजून घरी आणला की त्याचा कारखानदार पुन्हा उंबरा ओलांडीत नसे. वस्तू बिघडलीच, तर मालक आपल्या सवडीने ती कारागिराकडे नेई. संगणकाने ही जुनी रीत मोडली. विक्रीनंतरही कर्त्याचा हात त्याच्या अंतरंगात पोहोचत राहतो. त्या हाताला 'आज नको, चार दिवसांनी ये' असे सांगण्याचा अधिकार मालकाला असावा की नसावा, या वादाला आता पंचवीस वर्षांहून अधिक इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ १९९८ साली झाला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' ही सोय आणली. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दोष आढळला की त्यावरचे ठिगळ तयार होई आणि ज्याला हवे त्याने ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावे, अशी व्यवस्था होती. २००० सालच्या विंडोज मी मध्ये ही ठिगळे आपोआप आणण्याची सोय झाली. परंतु सक्ती नव्हती, आणि जेथे सक्ती नसते तेथे आळस बळावतो.

या आळसाची किंमत २००३ मध्ये मोजावी लागली. १६ जुलै रोजी एका गंभीर दोषावरचे ठिगळ प्रसिद्ध झाले. ११ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या २६ दिवसांनी, त्याच दोषाचा फायदा घेणारा 'ब्लास्टर' नावाचा संगणकी कृमी जगभर पसरला. घरोघरचे संगणक साठ सेकंदांची सूचना देऊन आपोआप बंद होऊ लागले. यामागील कारण विचार करण्याजोगे आहे. ठिगळ कोठे लावले हे न्याहाळले की भोक कोठे होते हे कळते. दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे एक प्रकारे दोषही जाहीर होणे होय. आणि त्या दिवसापासून मालक व चोर यांच्यात शर्यत सुरू होते. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे देण्याचा नियम कंपनीने घातला. भारतात तोवर रात्रीचे साडेदहा-अकरा वाजून गेलेले असतात. त्यामुळे येथील अनेकांना तो मंगळवार बुधवारीच भेटतो.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले आणि पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. घरगुती 'होम' आवृत्तीच्या मालकाला अपडेट नाकारण्याचा अधिकार उरला नाही. व्यावसायिक आवृत्ती घेणाऱ्यांना काही काळ थांबण्याची सवलत होती. म्हणजे विलंब हा विकत घेण्याचा जिन्नस झाला. ऐन कामात यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, या तक्रारी वाढल्या. तथापि सक्तीच्या बाजूनेही सबळ कारण होते. इंग्लंडमध्ये १८५३ साली देवीची लस सक्तीची झाली, ती एका घरचा रोग शेजारच्या घरी जातो म्हणून. आणि १८९८ मध्ये तेथेच विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या पालकांना सूट द्यावी लागली. संगणकाच्या क्षेत्रात हाच वाद नव्या वेषात उभा राहिला.

पुढील दोन वर्षांत दोन्ही पक्षांना पुरावा मिळाला. १४ मार्च २०१७ रोजी दिलेले एक ठिगळ असंख्य यंत्रांवर लागलेच नाही. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय'ने सुमारे दीडशे देशांतील संगणकांना कुलूप घातले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज पुढे मांडण्यात आला. उलट, त्याच वर्षी २७ जूनच्या 'नॉटपेट्या' हल्ल्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. तेथे औषधाच्या बाटलीतूनच विष आले, आणि त्याची झळ मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली. २ ऑक्टोबर २०१८ रोजी तर विंडोज १० च्या नव्या आवृत्तीने काही लोकांची कागदपत्रे व छायाचित्रे पुसून टाकली. स्वतः होऊन ती आवृत्ती मागून घेणाऱ्या उत्साही लोकांवरच हा प्रसंग ओढवला. चार दिवसांत वितरण थांबले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली.

अखेर मे २०१९ च्या आवृत्तीत तडजोड झाली. होम आवृत्तीच्या मालकालाही अपडेट तहकूब ठेवण्याची मुभा मिळाली: एका वेळी सात दिवस, आणि असे पाच वेळा, एकूण पस्तीस दिवस. मुदत संपली की साचलेले अपडेट घेतल्यावाचून पुन्हा तहकुबी नव्हती.

हा आकडा इतिहासाच्या तराजूत घालून पाहण्यासारखा आहे. २०१८ च्या सदोष आवृत्तीच्या वेळी पहिला आठवडाभर थांबणारा सुरक्षित राहिला असता. वॉनाक्रायच्या वेळी पस्तीस दिवस थांबणाराही, मुदतीनंतर ठिगळ घेऊन, हल्ल्यापूर्वी चोवीस दिवस सावध झाला असता. परंतु ब्लास्टरच्या वेळी पूर्ण मुदत वापरणारा नऊ दिवसांनी चुकला असता. चार दिवस थांबणे ही सावधगिरी आणि पस्तीस दिवस थांबणे हे आजचे मरण उद्यावर ढकलणे, अशी रेषा या तीन प्रसंगांतून दिसते. ती प्रत्येक वेळी नेमकी कोठे पडेल, हे मात्र आधी सांगता येत नाही.

म्हणूनच मुदतीचे मोल ती कशी वापरली यावर ठरते. कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवणे, इतरांचा अनुभव पाहणे आणि मग अपडेट घेणे, यासाठी थांबलेला मालक आपल्या घराची मालकीही राखतो आणि शेजारधर्मही पाळतो. थांबून विसरून जाणारा मात्र दोन्ही गमावतो. पूर्वीचा गृहस्थ घड्याळ दुरुस्तीला कधी न्यायचे ते एकटाच ठरवीत असे, कारण त्याचे बंद घड्याळ शेजाऱ्याचे घड्याळ बंद पाडीत नसे.