दवाखान्याचं भ्या

आमच्याकडं एखाद्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं म्हटलं की माणसं विचारायची, "आता बरं हाय का?" पण "नगरला हलवलं" असं कळलं की कुणी काही विचारत नसे. बायका पदर तोंडाला लावायच्या आणि जाणती माणसं पाहुण्यारावळ्यांना निरोप धाडायच्या तयारीला लागायची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगरच येतं.

आमची आजी नव्वदीच्या पुढं जगली. सगळ्या आयुष्यात तिनं दवाखान्याची पायरी चढली नाही. ताप आला की काढा, पोट दुखलं की ओवा, आणि फारच झालं तर भगताचा अंगारा. वडील फार मागं लागले तर म्हणायची, "दवाखाना म्हंजी मसणवाट्याची पहिली पायरी. म्या न्हाई जायाची. मला हितंच माज्या बाजंवर मरू द्या."

शहरातली शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. ज्या बांधावर एकदा नाग दिसला, त्या बांधावरून शेतकरी पुढं दहा वर्षं पाय जपून टाकतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. दवाखान्याच्या भीतीचंही तसंच आहे. ती हवेतून आलेली नाही. तिला गावं आहेत, सालं आहेत.

पहिलं साल 1896. त्या वर्षी मुंबईत प्लेग आला. प्लेगचा रोगी सापडला की सरकार त्याला उचलून आर्थर रोडच्या दवाखान्यात नेई. नातेवाईकांना जवळ थांबू देत नसत. आत काय चाललंय ते कळायचं नाही, बाहेर यायचा तो मुडदाच. मग माणसांच्या मनात नाही नाही ते येणारच. त्याच ऑक्टोबरात मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. लोक बोलू लागले की राणी रागावली आहे, तिला माणसांची काळजं पाहिजेत, म्हणून दवाखान्यात माणसं मारतात. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या दवाखान्यावर चालून गेला.

काळजं काढायची गोष्ट खोटीच होती. पण तिच्या खाली एक खरं होतं. त्या काळी प्लेगवर औषधच नव्हतं. गुण देणारी औषधं निघायला पुढं पन्नासेक वर्षं लागली. दवाखान्यात नेलेले बहुतेक रोगी मरत, हे लोक डोळ्यांनी बघत होते. म्हणजे कारण त्यांनी चुकीचं लावलं, पण हिशोब बरोबर केला होता.

पुढच्या वर्षी पुण्यात तर गोरे सोजीर घरात घुसले. रोगी शोधायचा म्हणून देवघर, माजघर काही ठेवलं नाही. बायामाणसांची अब्रू राहिली नाही. त्यातून 22 जून 1897 ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकलो. आपल्या भागातही प्लेग पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. आजी सांगायची, घरात उंदीर पडला की अख्खं गाव मोकळं करायचे, रानात खोपी घालून राहायचे. प्लेगाइतकंच भ्या सरकारी माणसाचं वाटायचं. आजारी माणूस असला तर त्याला कडब्याच्या गंजीआड लपवायचे.

पण त्याच साथीत, त्याच पुण्यात दुसरी एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्यानं हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई स्वतः रोगी आणायच्या. मुंढव्याचं एक आजारी पोरगं त्यांनी पाठीवर घालून आणलं. पोरगं वाचलं, पण बाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. मास्तरकीचं शिक्षण घ्यायला याच बाई तरुणपणी आपल्या नगरला मिशनच्या बाईंकडं आल्या होत्या. रोग एकच आणि उपायही तोकडेच. पण एका दवाखान्यात सोजीर ओढून नेत होता आणि दुसऱ्यात बाई पाठीवर नेत होती. मला वाटतं, सगळा फरक इथंच आहे.

ही भीती फक्त आपल्याच लोकांची आहे असंही नाही. युरोपात व्हिएन्ना शहरात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. एका वॉर्डात डॉक्टर आणि शिकाऊ पोरं, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरायच्या. बायका हातापाया पडायच्या की आम्हाला सुइणींच्या वॉर्डात घाला. त्यांनाही लोक अडाणीच म्हणत असतील. 1847 मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं कारण शोधलं. डॉक्टर मंडळी मुडदे चिरून तशाच हातांनी बाळंतपणं करत होती. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्यानं कमी झाली. म्हणजे भ्यालेल्या बाया बरोबर होत्या आणि शिकलेले डॉक्टर चुकत होते.

माझ्या डोळ्यांदेखतचं साल म्हणजे 1976. आणीबाणी होती, मी हायस्कुलात होतो. नसबंदीचे आकडे ठरवून दिलेले. मास्तरांना, ग्रामसेवकाला, तलाठ्याला, सगळ्यांना केसा आणायच्या होत्या. केस नाही तर पगार नाही. धुरळा उडवत जीप आली की गडीमाणसं उसात पळायची. त्या वर्षात देशभरात ऐंशी लाखांवर ऑपरेशनं झाली. आपल्या महाराष्ट्रानं तर सक्तीचा कायदाही मंजूर केला होता, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो लागू झाला नाही. पुढं कितीतरी वर्षं लस टोचायला नर्सबाई आली की आया पोरांना कणगीमागं दडवायच्या. नर्सबाई बिचारी चांगल्या कामाला यायची, पण ती ज्या वाटेनं यायची त्याच वाटेनं ती जीप आली होती.

नंतर खाजगी दवाखाने वाढले आणि भीतीनं रूप बदललं. आता सोजीर नाही, जीप नाही, आता काउंटर आहे. "आधी डिपॉझिट भरा." आमच्या भावकीतल्या एका माणसाला छातीत दुखतं म्हणून नेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. अकरा दिवस ठेवलं. रोज नवी तपासणी, रोज औषधांची पिशवी. काय झालंय ते कुणी धड सांगेना. विचारलं तर म्हणत, "तुम्हाला काय कळणार?" माणूस घरी आला, पण विहिरीकडचं वीस गुंठे रान गेलं. तो आजही म्हणतो, "मी वाचलो, पोरं मेली." अशा माणसाला दवाखान्याची भीती वाटते ती मरणाची नसते, बिलाची असते.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 मध्ये सगळ्या राज्यानं ऐकलं. सरकारनं नेमलेल्या समितीनं पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कितीतरी बाया चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातंय म्हणून दाखवायला गेली, तर कॅन्सर होईल असं घाबरवून पिशवीच काढली, असं बायांनी सांगितलं. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायाही याच कोयत्यावर जातात. त्यांनी पोटदुखी अंगावर काढली तर त्यांना काय म्हणून दोष द्यायचा?

आणि मग 6 नोव्हेंबर 2021. भाऊबीजेचा दिवस. नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा माणसं गेली. विभाग नवाच बांधलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आगीत दहा तान्ही बाळं गेली होती, एप्रिलात नाशिकला ऑक्सिजनची गळती होऊन वीसच्या वर रोगी गेले होते. आजी असती तर म्हणाली असती, "म्या काय सांगत व्हते?" तिला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

इतकं सगळं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग दवाखान्यात जाऊच नये की काय? तसं अजिबात नाही. भीती खरी आहे, पण ती आपल्याला चुकीच्या बाजूला पळवते. भीतीपायी आपण दवाखाना टाळत नाही, फक्त उशीर करतो. साप चावला की आधी देवळात न्यायचं, मग मांत्रिकाकडं, अंग निळं पडायला लागलं की गाडी बघायची. बाई अडली की सुईण दमेपर्यंत वाट बघायची. छातीत कळ आली की पित्त म्हणून सोडा पाजायचा. मग शेवटच्या घटकेला दवाखाना. तिथं माणूस दगावला की गावात एकच बोलणं, "दवाखान्यात नेला आन् गेला." पुढचा माणूस आणखी उशिरा जातो, तोही दगावतो. असा हा रहाट फिरत राहतो. दवाखान्यानं मारलेली माणसं आहेत, मी नाही म्हणत नाही. पण उशिरानं मारलेली माणसं माझ्या मते कितीतरी जास्त आहेत, आणि ती सगळी दवाखान्याच्या खात्यावर मांडलेली आहेत.

हा रहाट कसा थांबवायचा हे आपल्याच जिल्ह्यात दोन माणसांनी दाखवलं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते, मग अमेरिकेत शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन बसले. जामखेड म्हणजे दुष्काळी मुलूख. लोकांना आधी औषध नको होतं, पाणी आणि भाकरी पाहिजे होती. यांनी दुष्काळात पोरांच्या जेवणाची सोय बघितली, बोअर घेतले. मग गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवल्या, तर लोक त्यांना जवळ करीनात. बाहेरची पोरगी, तिचं कोण ऐकणार? तेव्हा त्यांनी गावातलीच बाई निवडली. बहुतेक निरक्षर, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना शिकवलं: बाळंतपण कसं करायचं, हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, आणि कोणता रोगी आपल्या हाताबाहेरचा आहे हे कसं ओळखायचं. 1971 च्या सुमारास तिथं हजार बाळांमागं 176 वर्षाच्या आत मरत होती. वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा तीसच्या खाली आला. 1979 ला आरोळे नवरा-बायकोला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

औषधं तीच होती, जी दुसरीकडंही मिळत होती. फरक असा की दवाखान्यात जा म्हणून सांगणारी बाई आपल्याच गल्लीतली होती. तिच्या सुनेचं बाळंतपण आपण बघितलेलं, तिच्या घरातली चूल आपल्याला माहीत. ती म्हणाली "आता नगरला न्या" तर माणसं नेत होती, आणि वेळेत नेत होती. सावित्रीबाईंनी पाठीवर पोर नेलं त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही.

आता 108 ला फोन केला की गाडी दारात येते. महात्मा फुल्यांच्या नावाची योजना आहे, कागद नीट असले तर मोठमोठी ऑपरेशनं फुकट होतात. हे चांगलंच झालं. पण गाडी माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेते, भीती पुढं आत जाते. तिथं बरोबर कुणीतरी लागतं. डॉक्टरला न घाबरता विचारणारं: "काय झालंय? ऑपरेशन न करता भागेल का? खर्च किती? योजनेत बसतंय का?" आणि डॉक्टरनंही "तुम्हाला काय कळणार" म्हणायचं नाही. कळत नाही म्हणूनच तर विचारतो. कळेल असं सांगितलं तर निम्मं भ्या तिथंच जातं.

आमच्या गावात आता आठ-दहा पोरांनी हे काम अंगावर घेतलंय. रोगी कुणाचाही असो, भावकीचा की वाडी-वस्तीवरचा, एक पोरगा बरोबर जातो. रेशनकार्ड, आधार, जुने कागद पिशवीत घालतो. रात्रभर थांबतो. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून बसतो. सरकारनं काही सांगितलं नाही, पगार नाही, फोटो नाहीत. पण गेल्या दोन-तीन वर्षांत माणसं लवकर निघायला लागलीत, हे मी बघतोय. परवाच एका म्हातारीला रातोरात नेलं. निघताना तिनं एवढंच विचारलं, "बरुबर कोण येतंय?" पोराचं नाव सांगितलं, तशी ती मुकाट्यानं गाडीत बसली.