विश्रामगड

गेल्या शनिवारी पुण्याहून सायकल मारत संगमनेरला घरी गेलो. चाकणच्या गर्दीतून सुटायला पहाटे साडेचारला निघालो. मग नारायणगाव, आळेफाटा, घारगाव आणि शेवटी चंदनापुरीचा घाट. साधारण १४० किलोमीटर. घाटात पाय काही आपले वाटेनात. त्याच रस्त्यावर दोन महिन्यांपूर्वी मी गाणी म्हणत आलो होतो!

घरी पोचल्यावर ओट्यावरच आडवा झालो. तात्या (म्हणजे आमचे वडील) रानातून आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय रे, तुझा वाफसा झालेला दिसत नाही अजून."

मी हसलो. पण ते वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून आजचा लेख.

आधी पार्श्वभूमी. मी पाच महिन्यांपासून पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी करतोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ३.८ किलोमीटर पोहायचं, लगेच १८० किलोमीटर सायकल आणि मग ४२.२ किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवशी, बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत. स्पर्धेची फी भरून झालीये (आकडा घरी सांगितलेला नाही). रोज पहाटे उठून पोहणं नाहीतर पळणं, मग ऑफिस, शनिवारी लांब सायकल, रविवारी लांब पळणं. एक्सेलमध्ये प्लॅन आहे, झालेला प्रत्येक सेशन हिरवा करायचा. लाल खाना दिसला की मला झोप येत नाही. आणि गेले तीन आठवडे सगळे खाने हिरवे असूनही झोप येत नव्हती. सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी ५२ वरून ६१ वर गेलेली. मी त्यावर काढलेला उपाय कोणता? अजून एक सेशन वाढवला.

आता गंमत बघा. ज्या आकड्यांपायी मी ही हमाली करतोय, ते आले कुठून? हवाईमधल्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या स्पर्धा व्हायच्या: वाइकिकीची समुद्रातली पोहण्याची, बेटाला फेरी मारणारी सायकलची आणि होनोलुलूची मॅरेथॉन. अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी त्या एकाच दिवसात जोडायचं ठरवलं. सायकलची मूळ फेरी ११५ मैलांची. पोहून बाहेर आलं तिथून सुरू करून मॅरेथॉन जिथून निघते तिथे संपवायची तर तीन मैल कमी होत होते. झाले ११२ मैल, म्हणजेच आपले १८० किलोमीटर. आमच्या धंद्यात याला हार्डकोड केलेला आकडा म्हणतात. कुणीतरी कधीतरी सोयीसाठी टाकला आणि जग त्याच्याभोवती फिरतंय.

१८ फेब्रुवारी १९७८ ला पहिली स्पर्धा झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. जॉन डनबार पुढे होता, पण पळताना त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली. गॉर्डन हॉलर त्याला गाठून पुढे गेला आणि ११ तास ४६ मिनिटांत जिंकला. यासाठी तयारी कशी करायची, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. कारण अशी गोष्ट आधी कुणी केलीच नव्हती.

खरं तर तयारीचं निम्मं उत्तर त्याआधीच सापडलेलं होतं. १९३६ मध्ये हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडी, अतिश्रम, विष असा कुठलाही ताण दिला तरी शरीर साधारण एकाच पद्धतीने वागतं: आधी धक्का, मग तग धरणं आणि ताण चालूच राहिला तर शेवटी कोसळणं. खेळाच्या प्रशिक्षकांनी हे उचललं. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात मात्वेयेव्हने वर्षभराच्या सरावाची चक्रं बसवली, भार वाढवायचा आणि मग मुद्दाम उतरवायचा. तीन आठवडे चढते आणि चौथा हलका, ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत त्याच विचारातली. म्हणजे ताकद सरावात येत नाही. सरावात शरीर मोडतं, आणि ते विश्रांतीत पुन्हा बांधलं जातं, आधीपेक्षा थोडं पक्कं.

हे सगळं मी वाचलेलं होतं हो. पटलं नव्हतं. विश्रांती म्हणजे आळसाचं गोंडस नाव, असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं.

आणि मग आमच्याच भागातल्या एका गडाची आठवण झाली.

नोव्हेंबर १६७९. शिवाजी महाराज तेव्हा ४९ वर्षांचे. जालन्याची स्वारी करून फौज लुटीच्या ओझ्यासह परत निघाली होती. संगमनेरजवळ मुघलांच्या रणमस्तखानाने गाठलं. मोठी लढाई झाली. सिधोजी निंबाळकरांसारखा सरदार पडला. त्यातच औरंगाबादेकडून मुघलांची आणखी कुमक येत असल्याची खबर. पुढे राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत पुढची हकीकत आहे. बहिर्जी या जासुदाने महाराजांना आडवाटेने बाहेर काढलं. तीन दिवस, तीन रात्री चाल करून फौज पट्टागडाला पोचली.

संगमनेरहून पट्टा सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास आहे. पण ती सरळ रेष पक्ष्यांसाठी. तो भाग बघितलेल्यांना कळेल: डोंगर, दऱ्या, ओढे. त्यात थकलेली घोडी, जखमी माणसं आणि मागे शत्रू.

शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्हाला आवडायचा तो बहिर्जी आणि ती तीन दिवसांची दौड. गोष्ट तिथेच संपायची. पण नंतर काय झालं? नंतर महाराज त्या गडावर थांबले. विसावा घेतला. आणि पट्ट्याचं नाव पडलं विश्रामगड.

जरा विचार करा. आपल्याकडे गडांची नावं कशी आहेत? प्रतापगड, सिंहगड, विजयदुर्ग. पराक्रम, शौर्य, जय. त्या यादीत हा एक गड असा, ज्याची ओळखच तिथे घेतलेली विश्रांती आहे. त्या स्वारीनंतर पाचच महिन्यांत, ३ एप्रिल १६८० ला, महाराज गेले. इतक्या दगदगीच्या आयुष्यातले ते थांबलेले दिवस लोकांना लक्षात ठेवावेसे वाटले, कोरड्या नोंदीत नाही, गडाच्या नावात.

महाराजांची तुलना माझ्या हौशी सायकलशी करायचा गाढवपणा मी करणार नाही. त्यांच्या मागे खानाची फौज होती, माझ्या मागे फक्त एक्सेल शीट आहे. पण एक गोष्ट खरी. ज्याला तीन दिवस-रात्र न थांबता चालायचं बळ होतं, त्याला कुठे थांबायचं तेही कळत होतं.

आता तात्यांच्या वाफशाकडे येतो. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी: रानाला पाणी दिल्यावर लगेच औत घालत नाहीत. चिखलात नांगर घातला तर नुसती ढेकळं निघतात. पाणी मुरायचं, मातीत पुन्हा हवा शिरायची, ओल आणि हवा दोन्ही बेताची झाली की त्याला वाफसा म्हणायचं. मुळांचं खरं काम त्या अवस्थेत चालतं. पाणी देताना ते होत नाही.

आणि वाफशाची वाटच बघितली नाही तर काय होतं, हे प्रवरेच्या खोऱ्याने बघितलंय. १९२६ ला भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना भरवशाचं पाणी आलं. ऊस आला, साखर कारखाने आले, पैसा आला. पण जिथे पाण्याचा निचरा नव्हता आणि पाणी मात्र वारेमाप दिलं गेलं, तिथली काळीभोर रानं खारवटली, चोपण झाली. वर पांढरा थर, खाली काही उगवेना. पाणी हेच पिकाचं जीवन, आणि त्या पाण्यानेच जमीन मेली. दुष्काळ बघितलेल्या माणसाला कालव्याला पाणी असताना पाणी देऊ नको म्हणणं किती अवघड असेल, हे मला आत्ता कळतंय. माझंही तेच झालंय. रिकामा शनिवार दिसला की वाटतं, वाया चालला.

रात्री जेवताना मी तात्यांना विचारलं, "वाफसा झाला हे तुम्ही कसं ओळखता?"

"माती मुठीत दाबायची आणि सोडायची," ते म्हणाले. "चिखलासारखी चिकटली तर थांबायचं. हातात धरल्यावर कळतं. पण रानात जाऊन हात तर लावला पाहिजे."

म्हणजे ६१ ची नाडी. मी रोज मूठ दाबून बघत होतो, चिखल दिसत होता, आणि तरी औत जुंपत होतो.

रविवारी सायकल यष्टीच्या टपावर टाकून पुण्याला परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा चंदनापुरीचा घाट झोपेत पार केला. सोमवारपासून काही केलं नाही. मंगळवारी भयंकर अपराधी वाटलं. बुधवारी नऊ तास झोपलो. काल सकाळी नाडी ५५ होती. अजून ५२ नाही, पण माती सुटायला लागलीये.

एक्सेलमध्ये दर चौथ्या आठवड्याला एक नवी ओळ टाकलीये. रिकामी ठेवली तर मी ती भरून टाकेन हे मला माहितीये, म्हणून तिला नाव दिलंय: विश्रामगड. तीही पुरी झाली की हिरवी करायची.

आज जुन्या प्लॅनप्रमाणे १२० किलोमीटर होते. हे लिहीत बसलोय, त्यावरून काय ते समजा. सोमवारी ऑफिसात कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारेल, "काय रे, वीकेंडला किती मारलेस?" आणि मला मान वर करून "शून्य" असं सांगायचंय.

बघू जमतं का!