जुन्या नावांचं जाळं

भायखळ्याची राणीची बाग तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. हत्ती-माकडं पाहून आपण परत फिरतो. पण त्याच आवारात मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते उभं करायला झटणाऱ्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचं नाव संग्रहालयाला मिळालं ते शंभर वर्षांनी, १९७५ साली. बागही वीरमाता जिजाबाईंच्या नावाची झाली. लोकांच्या तोंडी मात्र अजून राणीची बागच!

मोडकळीला आलेली इमारत दुरुस्त होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडली. मग तिथे आजच्या कलावंतांना बोलावणं सुरू झालं. जुन्या काचेच्या कपाटांशेजारी नवी कला कशाला, असं कुणीही विचारेल.

२०१३ साली रीना सैनी कल्लाट या चित्रकर्तीने संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर कोळ्याचं प्रचंड जाळं टांगलं. शेकडो रबरी शिक्क्यांचं. त्या शिक्क्यांवर होती मुंबईच्या रस्त्यांची इंग्रजी अमदानीतली, आता बदललेली नावं. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, तसे कितीतरी रस्ते. नावं बदलली ते योग्यच, असं आम्हाला वाटतं. पण पुसलेलं नाव जातं कुठे? जिथे कुणाचा हात फिरत नाही, तिथे जळमट धरतं. आणि हे जाळं टांगलं कुठे, तर स्वतःचंच नाव बदललेल्या इमारतीवर! कोऱ्या भिंतींच्या दालनात त्याला एवढा अर्थ आला नसता.

शिक्क्याची किंमत बचत गटातल्या बाईला सांगावी लागत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदलतात. खातं उघडायला गेलं की या दोन नावांची बाई एकच, हे सांगणारा तिसरा कागद लागतो आणि त्यावर पुन्हा शिक्का. रस्त्याला निदान हे हेलपाटे नाहीत.

ते जाळं आता तिथे नाही. आत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, नाना धंद्यांच्या आणि पेहरावांच्या माणसांच्या. गेलात तर त्यांत बायका कोणकोणती कामं करताना दाखवल्यात, ते नीट बघा. बुधवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.