घसारा

वाणिज्य शाखेनं मला जन्माला पुरेल असा एकच शब्द दिला : घसारा. वस्तू वापरली की झिजते, आणि दरसाल तिची किंमत कमी लिहावी लागते. बँकेत हे मी निमूटपणे लिहितो. घरी मात्र उलटा कारभार आहे. टेबलावरच्या लुटुपुटीच्या लढायांसाठी मी जुन्या मोटारींच्या चिमुकल्या प्रतिकृती रंगवतो, आणि तिथं घसारा लावला की किंमत वाढते!

प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे चार मीटरची मोटार साडेपाच सेंटिमीटरची. आधी अस्तर, मग रंग, मग दारांच्या फटींत उतरणारं पातळ काळपट पाणी, आणि शेवटी गंज व चिखल.

"अहो, नव्याकोऱ्या गाडीला गंज कशाला लावता? आपल्या स्कूटरला तो फुकट लागतोय की!" इति सौभाग्यवती. मुद्दा बिनतोड आहे.

आपल्याला हा खेळ परका नाही. दिवाळीत गल्लोगल्ली पोरं मातीचा पन्हाळा उभा करतात. १६६० चा वेढा पडलेला असतो, आणि सिद्दी जौहरच्या छावणीशेजारी प्लॅस्टिकची जीप उभी असते. कुणाचंही काही बिघडत नाही.

साहेबांनी मात्र याचे नियम केले. १८२४ साली प्रशियाच्या राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशावर ठोकळे सरकवून युद्ध शिकायचे नियम छापले. पुढं एच. जी. वेल्सनं ते दिवाणखान्यात आणलं. १९१३ चं त्याचं 'लिटल वॉर्स' म्हणजे शिशाचे शिपाई, स्प्रिंगची तोफ आणि जमिनीवर पालथे पडलेले प्रौढ गृहस्थ. लढायचंच तर असं लढा, खरं युद्ध नको, हे त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

त्या सप्टेंबरात जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ येऊन ठेपल्या, तेव्हा सुमारे ६०० टॅक्सी शिपाई भरून मार्नच्या आघाडीकडे निघाल्या. बहुतेक रेनो. आणि वाचकहो, मीटर चालू होते! सरकारनं ७०,०१२ फ्रँक चुकते केले. तिकडे तोफा धडाडताहेत आणि इकडे कुणी कारकून बेरीज तपासतोय, या चित्रानं मला भरून आलं. मी तीच टॅक्सी रंगवायला घेतली.

चिखल कुठं लावायचा हे मला कसबा बावड्यानं शिकवलं. नव्या राजवाड्यातली छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते, तेव्हा तिच्यावर घसारा औषधालाही सापडत नाही. पण राजाराम कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर निघाले की सगळी विद्या रस्त्यावर मांडलेली असते. आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणाले, "सायेब, चिखल वरनं थापायचा नसतोय. चाक फिरलं की मडगार्डच्या आत बसतोय त्यो. आनी माणसं चढत्यात तिथला रंग पयला जातोय बघा."

म्हणून त्या टॅक्सीच्या पायरीवरचा रंग मी खरवडून काढला. बूट घातलेली पोरं तिथूनच चढली असणार. टॅक्सीचं भाडं पैशापर्यंत हिशेबात लागलं. त्यातली किती पोरं परत आली, ते मीटरवर उमटत नाही. माझ्या टेबलावर पडलेला शिपाई रात्री डब्यात जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो. त्याला घसारा नाही.

पायरी खरवडलेली बघून सौ. म्हणाली, "हे मात्र खरं वाटतंय हं." मग तिनं ती टॅक्सी काचेच्या कपाटात, चांगल्या कपबशांशेजारी ठेवली.